प्राधिकरणाकडे रस्ते-वाहतुकीसाठी निधी मागताना फाइल नेमकी कुठे अडते?

चौकातला_दिवा

मुंबई महानगर प्रदेशातल्या मध्यम महापालिकांचा खाक्या ठरलेला आहे. घरपट्टीतून पगार, कचरा आणि वीजबिल कसंबसं भागतं, जीएसटीचं अनुदान वेळेवर आलं तर खड्डे बुजतात. स्टेशन परिसर, फाटकावरचा पूल किंवा अर्धवट पडलेला डीपी (विकास योजनेतला) रस्ता असं मोठं काम निघालं की एमएमआरडीएकडे (मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरण) पत्र जातं: "सोबत कामांची यादी जोडली आहे, निधी मिळावा ही विनंती." यादीत ४० कामं. वर्षभराने तेच पत्र नव्या तारखेने पुन्हा जातं.

या धाग्यात राजकारण बाजूला ठेवून प्रस्तावावर बोलूया. नमुन्यादाखल चार कामं घेऊ:
१. स्टेशनबाहेरचा परिसर: रिक्षा, बस, फेरीवाले, पादचारी
२. रेल्वे फाटकावर उड्डाणपूल
३. शेजारच्या पालिकेच्या हद्दीला मिळणारा १८ मीटरचा डीपी रस्ता
४. शहर बससेवा

फाइलमध्ये काय हवं, काय नसलं की ती परत येते, आणि मंजूर झाल्यावरही काम का बुडतं, हे जाणकारांनी लिहावं.

अंदाजपत्रक

आधी एक गोष्ट स्पष्ट हवी. 'प्राधिकरणाने निधी द्यावा' याचे तीन वेगळे अर्थ होतात आणि पत्रात बहुतेक वेळा एकही लिहिलेला नसतो. एक, प्राधिकरण स्वतः निविदा काढून काम करेल आणि नंतर हस्तांतरित करेल. दोन, पैसे पालिकेला मिळतील, काम पालिका करेल. तीन, कर्ज. तिन्हींना लागणारे ठराव वेगळे आहेत.

पहिल्या प्रकारात पालिकेला फुकट काम झाल्यासारखं वाटतं. पण बांद्रा पूर्वेचा स्कायवॉक आठवा. २००८ मध्ये एमएमआरडीएने बांधला, पुढे धोकादायक झाला म्हणून बंद करून पाडावा लागला, आणि नवा बांधायचं काम मुंबई महापालिकेकडे आलं. बांधणारा एक आणि सांभाळणारा दुसरा असला की दहा वर्षांनी बिल सांभाळणाऱ्याच्या दारात येतं. मुंबई पालिकेला ते झेपलं. उल्हासनगर किंवा भिवंडीला झेपेल का, हे प्रस्ताव करतानाच विचारायचं.

दुसरं म्हणजे एमएमआरडीएच्या तिजोरीचं स्वरूप बदललंय. पूर्वी बीकेसीतले (वांद्रे-कुर्ला संकुल) भूखंड भाडेपट्ट्याने देऊन आलेला पैसा प्रदेशात फिरवता येत होता. आता मेट्रोची कर्जं डोक्यावर आहेत. त्यामुळे निव्वळ स्थानिक रस्त्याचं काम रांगेत शेवटी. नगरोत्थान महाभियान, जिल्हा वार्षिक योजना, वित्त आयोग हे पर्याय आधी तपासा आणि प्राधिकरणाकडे फक्त तेच न्या ज्याला 'प्रदेशाचं काम' म्हणता येईल. वित्त आयोगाच्या पैशावर फार भिस्त नको. १५व्या आयोगाने दशलक्षी शहरसमूहांना दिलेला निधी हवेची गुणवत्ता आणि पाणी-स्वच्छता यांनाच बांधलेला होता.

हद्दीपलीकडे

'प्रदेशाचं काम' हे दाखवायचं कसं, त्यावर थोडं.

प्रादेशिक योजना २०१६–३६ मध्ये तो रस्ता किंवा त्याचा मार्ग आहे का, ते पाहा. असेल तर नकाशाचा तो तुकडा पहिल्याच पानावर. नसेल तर हद्दीपलीकडच्या पालिकेचं किंवा जिल्हा परिषदेचं पत्र घ्या. नमुन्यातल्या तिसऱ्या कामात नेहमीचा गोंधळ हा की इकडच्या विकास योजनेत रस्ता १८ मीटर आणि हद्द ओलांडली की तिकडच्या योजनेत १२ किंवा २४. कधी दोन्ही रेषा एकमेकींना भेटतच नाहीत, ३०-४० मीटरचा सरक असतो. मधे नाला असेल तर हमखास. हे प्राधिकरणाच्या नियोजन विभागाने शोधून काढण्याआधी पालिकेनेच जोडनकाशा करून, कोणत्या बाजूने फेरबदल करायचा त्याचा प्रस्ताव सोबत द्यावा.

स्टेशनसाठी: तिथून गाडी पकडणाऱ्यांपैकी किती लोक पालिका हद्दीबाहेरच्या गावांतून येतात, याचं सर्वेक्षण. सकाळी ७ ते ११ स्टेशनच्या प्रत्येक तोंडावर चार प्रश्नांची पावती पुरते: कुठून आलात, कशाने आलात, किती वेळ लागला, कुठे निघालात. बदलापूर-अंबरनाथसारख्या ठिकाणी हा आकडा प्रस्तावाचं वजनच बदलतो.

रस्तारेषा

जागा, जागा आणि जागा. बाकी सगळं नंतर.

'जागा पालिकेच्या ताब्यात आहे' हे एका ओळीचं प्रमाणपत्र म्हणजे फसवणूक नसली तरी आत्मवंचना नक्की आहे. चेनेजनिहाय, म्हणजे रस्त्याच्या सुरुवातीपासूनच्या अंतरानुसार तक्ता हवा. समजा १,४०० मीटरचा रस्ता:

० ते ४२० मीटर: पूर्ण १८ मीटर ताब्यात, सातबारावर पालिकेचं नाव लागलेलं.
४२० ते ६१० मीटर: जागेवर ११ मीटर. डाव्या बाजूला तीन सोसायट्यांच्या कुंपणभिंती.
६१० ते ९८० मीटर: ताबा आहे, पण मोबदला बाकी.
९८० ते १,०६० मीटर: १४ बांधकामं, पैकी ९ निवासी. पुनर्वसन कुठे, ते लिहा.
१,०६० ते १,४०० मीटर: शासकीय जमीन, आगाऊ ताब्याचा प्रस्ताव जिल्हाधिकाऱ्यांकडे.

हा तक्ता उपअधीक्षक भूमी अभिलेख यांच्या संयुक्त मोजणीवरून केलेला हवा, गूगलच्या चित्रावरून नव्हे. मोजणीची फी भरली की काम होतं हा भ्रम आहे. मोजणीच्या दिवशी पालिकेचा सर्व्हेअर जागेवर नसेल तर 'क' प्रत (मोजणीचा नकाशा) येते ती डीपीच्या रेषेशी न जुळणारी, आणि मग पुन्हा अर्ज.

ताबा घ्यायला एमआरटीपी (राज्याच्या नगररचना) कायद्याच्या कलम १२६ खाली तीन वाटा आहेत: वाटाघाटीने रोख मोबदला, टीडीआर (दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा बांधकाम हक्क) किंवा एफएसआय (वाढीव बांधकाम), नाहीतर २०१३ च्या कायद्याने भूसंपादन. टीडीआरला बाजारात भाव नसेल तर जमीनमालक रोखच मागतो, आणि रस्त्याच्या अनुदानातून भूसंपादनाचा खर्च सहसा करू देत नाहीत. ती रक्कम पालिकेच्या डोक्यावर, हे अंदाजपत्रकाबाहेर वेगळं दाखवा.

आणखी एक सुरुंग: आरक्षणाला १० वर्षं होऊन गेली असतील तर कलम १२७ ची खरेदी सूचना (जागा घ्या नाहीतर सोडा, अशी मालकाची नोटीस) येऊन पडली आहे का, ते नगररचना विभागातून तपासा. सूचनेपासून २४ महिन्यांत हालचाल झाली नाही तर त्या तुकड्यावरचं आरक्षणच उडतं. मग मधलाच ८० मीटरचा रस्ता कागदावर उरत नाही.

पाव_भाजी_चौक

इतकं सगळं कशाला? वजनदार आमदार असला की पैसे येतात, नसला की नाही येत. कागद कोण बघतो?

अंदाजपत्रक

वजनाने नाव यादीत येतं, पहिला हप्तासुद्धा येतो. दुसऱ्या हप्त्याला उपयोगिता प्रमाणपत्र लागतं, आणि ते द्यायला काम झालेलं असावं लागतं. जागा नसेल तर काम नाही, काम नाही तर यूसी नाही. तिथे कोणाचंच वजन चालत नाही. पहिला हप्ता बँकेत पडून त्यावरचं व्याज परत मागणारं पत्र मात्र येतं.

मोजणी_नाका

दुसऱ्या कामाबद्दल, म्हणजे फाटकाबद्दल. इथे शहरांचे सल्लागार दोन हिशेब एकात एक मिसळतात.

रेल्वे खर्चाचा निम्मा वाटा उचलते तो टीव्हीयूवर (ट्रेन व्हेइकल युनिट), म्हणजे २४ तासांतल्या रेल्वेगाड्यांची एककं गुणिले रस्त्यावरच्या वाहनांची एककं. १ लाख किंवा जास्त भरलं तर फाटक खर्चवाटपाला पात्र. या हिशेबात मोटार, ट्रक, बस, बैलगाडी यांना १, रिक्षाला अर्धा आणि दुचाकीला पाव धरतात. सायकल आणि पादचारी मोजत नाहीत.

उदाहरण: दिवसाला १४० गाड्या. रस्त्यावर २,००० दुचाकी, ५०० रिक्षा, १५० मोटारी-ट्रक.
दुचाकी ५०० + रिक्षा २५० + इतर १५० = ९०० एककं.
९०० × १४० = १,२६,०००. पात्र, पण काठावर.

सल्लागार सरसकट २,६५० वाहनं धरून ३,७१,००० लिहितो. रेल्वे स्वतः मोजते तेव्हा आकडा तिसऱ्या हिश्श्यावर येतो आणि पूर्ण अहवालावरचाच विश्वास उडतो. म्हणून गणना रेल्वेसोबत संयुक्त करा, सलग सात दिवस. शाळेची सुट्टी, गणपती, दिवाळी टाळा.

रस्त्याच्या क्षमतेसाठी लागतं ते पीसीयू, म्हणजे प्रत्येक वाहनाचं मोटारीच्या तुलनेतलं माप. तो वेगळा कागद. आयआरसी:१०६ (इंडियन रोड्स काँग्रेसचं मानक) प्रमाणे तिथे दुचाकी ०.५ किंवा ०.७५, रिक्षा १.२ किंवा २. कोणता आकडा घ्यायचा ते त्या वाहनाचा एकूण रहदारीतला वाटा ५ टक्क्यांच्या आसपास आहे की १० च्या वर, त्यावर. आपल्याकडे दुचाकींसाठी बहुतेक ०.७५ च लागतो.

तुळई

पुलाचं अजून एक. जोडरस्त्याची लांबी आधी कागदावर टाका, मग चौकांकडे बघा. रुळापासून पुलाच्या रस्त्याची उंची ८ मीटर धरली आणि चढ ३० ला १ ठेवला तर प्रत्येक बाजूला २४० मीटर लागतात. वर वळणाची गोलाई वेगळी. जुन्या गावठाणात फाटकापासून १५० मीटरवर बाजारचौक असतो. म्हणजे पूल चौक ओलांडून पलीकडे उतरणार आणि चौकातले दुकानदार पुलाखाली जाणार. तिथेच कोर्टबाजी सुरू होते. चढ २५ ला १ केला तर ४० मीटर वाचतात, पण बस आणि हातगाडीची दमछाक. फाटक बंद होणार असेल तर पादचाऱ्यांसाठी भुयारी मार्ग किंवा सरकता जिना असलेला पूल त्याच प्रस्तावात घ्या, नंतर कोणी पैसे देत नाही.

रुळांवरचा भाग रेल्वेचा, जोडरस्ते पालिकेचे. दोन्हींचं वेळापत्रक एकत्र बांधलं नाही तर रेल्वेचा गाळा (रुळांवरचा पुलाचा तुकडा) वर्षानुवर्षं हवेत उभा राहतो. असे पूल महाराष्ट्रात शोधावे लागत नाहीत.

चौकातला_दिवा

@मोजणी_नाका, हे फार उपयोगी. स्टेशन परिसरासाठी पादचाऱ्यांची मोजणी कशी मांडायची?

मोजणी_नाका

१५ मिनिटांचे गट करून. लोकल आली की तीन मिनिटांत लोंढा येतो आणि मग शुकशुकाट. तासाची सरासरी काढली तर २ मीटरचा फुटपाथही पुरेसा दिसतो. गर्दीच्या तासातली सर्वांत जास्त गर्दीची १५ मिनिटं घ्या, त्याला ४ ने गुणा, त्या आकड्यावर रुंदी काढा.

जमिनीखाली

(आधीचे प्रतिसाद वाचले. जमिनीवरचं सगळं आलं, खालचं कोणीच बोललं नाही.)

अंदाजपत्रकात 'सेवावाहिन्या स्थलांतर: एकरकमी ५ टक्के' अशी ओळ दिसली की समजावं, हे काम रखडणार. वाहिन्या कुठे आहेत याचा शोध निविदेआधी व्हायला हवा. जमिनीखालचं रडार चालतं, पण चिखल-भरावाच्या जमिनीत त्याला नीट दिसत नाही. दर ५०-१०० मीटरला आडवा चाचणी खड्डा, दीड मीटर खोल, आणि प्रत्येकाचा रेखाटन-फोटो. जलवाहिनी, मलवाहिनी, ११ केव्ही केबल, गॅस, ऑप्टिक फायबर यांची खोली आणि कडेपासूनचं अंतर लिहा.

महावितरणच्या केबल हलवायच्या असतील तर पालिकेने स्वतःच्या परवानाधारक ठेकेदाराकडून काम करून १.३ टक्के पर्यवेक्षण शुल्क भरण्याची पद्धत आहे. पूर्ण रक्कम महावितरणला भरून वाट बघत बसण्यापेक्षा हे लवकर होतं. फक्त रोहित्र हलवायची जागा आधी ठरवा. फुटपाथवरून काढलेलं रोहित्र पुन्हा फुटपाथवरच बसवलेलं दिसतं ते याच कारणाने.

फुटपाथ म्हणजे आयआरसी:१०३ प्रमाणे अडथळामुक्त १.८ मीटर रुंदी आणि २.२ मीटर उंची, कर्ब १५० मिमीपेक्षा उंच नको. नकाशावर १.८ लिहायचं आणि त्यातच झाड, विजेचा डीपी बॉक्स, जाहिरातीचा खांब बसवायचा, हे चालणार नाही. या सामानासाठी कडेला वेगळी पट्टी काढा. ती काढायला रुंदी नसेल तर गाडीरस्ता कमी करा. १८ मीटरात हे बसतं.

पावसाळी गटाराची पातळी जिथे पाणी सोडायचं त्या नाल्यावरून उलटी काढत आणा. उलट दिशेने केलं तर शेवटच्या ६० मीटरला उतारच उरत नाही, आणि भरतीच्या वेळी नाल्याचं पाणी गटारातून रस्त्यावर. काँक्रीटच्या रस्त्याखाली ठरावीक अंतरावर आडवे रिकामे पाइप टाकून ठेवा. नाहीतर पहिल्या वर्षीच कोणीतरी कटर घेऊन येतो.

अवांतर: झाडं. १९७५ चा वृक्ष कायदा २०२१ ला बदलला. ५० वर्षांवरचं झाड वारसा वृक्ष धरलं जातं, आणि एका प्रकल्पात २०० किंवा अधिक झाडं जात असतील तर विषय राज्याच्या वृक्ष प्राधिकरणाकडे नेण्याची तरतूद तेव्हा आली होती. रस्ता दीड मीटर सरकवून चार जुने वड वाचत असतील तर ते स्वस्त पडतं.

अंदाजपत्रक

आता पैशाचा सांगाडा.

दरसूची चालू वर्षाची. जुनं अंदाजपत्रक तसंच पुढे ढकलू नका. १८ जुलै २०२२ पासून स्थानिक संस्थांच्या कामांवरचा जीएसटी १२ वरून १८ टक्के झाला, तरी १२ धरलेली अंदाजपत्रकं त्यानंतरही फिरत होती. बांधकाम कामगार उपकर १ टक्का, त्रयस्थ तपासणी, साहित्य चाचण्या, भाववाढ हे सगळं आत घ्या. तांत्रिक मान्यता कोण देणार, पालिकेचा शहर अभियंता की सार्वजनिक बांधकाम विभाग, हे निधी देणाऱ्याच्या अटीत बघा. चुकीच्या सहीने गेलेली फाइल सर्वांत सावकाश परत येते.

स्वहिस्सा इथे खरी मेख आहे. समजा काम ४० कोटींचं आणि पालिकेचा वाटा ३० टक्के, म्हणजे १२ कोटी. मंजुरीच्या पत्रात जवळजवळ नेहमी एक अट असते: वाढीव खर्च पालिकेने सोसायचा. खर्च ४६ कोटींवर गेला तर काम १५ टक्क्यांनी वाढलं, पण पालिकेचा वाटा १२ चा १८ झाला. दीडपट! लेखा विभागाला हे गणित ठरावाआधी दाखवा.

उलट बाजूने, निविदा २० टक्के 'बिलो' (अंदाजपत्रकापेक्षा कमी) आली म्हणून आनंद नको. ठेकेदार डांबराच्या थरात नाहीतर भरावाच्या दाबाईत ते वसूल करतो. अतिरिक्त सुरक्षा ठेव घ्या आणि कोअर (रस्ता भोकून काढलेला नमुना) काढून जाडी तपासा.

ठरावाची_प्रत

ठरावात ही चार वाक्यं नसतील तर फाइल पाठवू नका (सभा असो वा प्रशासक):

"सदर कामाच्या स्वहिश्श्याची तरतूद सन … च्या अंदाजपत्रकात लेखाशीर्ष … खाली करण्यात आली आहे."
"मंजूर रकमेपेक्षा होणारा वाढीव खर्च महानगरपालिका स्वनिधीतून करील."
"आवश्यक जागेचा ताबा व अतिक्रमणे दूर करण्याची जबाबदारी महानगरपालिकेची राहील."
"काम पूर्ण झाल्यानंतर देखभाल-दुरुस्ती महानगरपालिका करील व त्यासाठी दरवर्षी स्वतंत्र तरतूद ठेवील."

'तत्त्वतः मान्यता देण्यात येत आहे' असा ठराव रद्दी आहे.

डेपो_नंबर_शून्य

चौथं काम, बस. प्रादेशिक निधी भांडवली खर्चाला मिळतो: डेपो, थांबे, चार्जिंग. रोजच्या तोट्याला नाही. आणि बससेवा मरते ती रोजच्या तोट्यानेच.

पीएम ई-बस सेवा घ्या. केंद्राने ऑगस्ट २०२३ मध्ये मंजूर केली, १०,००० बस. केंद्राचं साहाय्य किलोमीटरमागे: १२ मीटरच्या बसला २४ रुपये, ९ मीटरला २२, ७ मीटरला २०, तेही कमाल १० वर्षं. बस ठेकेदाराची, चालक त्याचा, पालिका त्याला किलोमीटरमागे ठरलेले पैसे देते. तिकिटाचे पैसे पालिकेचे, म्हणजे प्रवासी आला नाही तर खड्डाही पालिकेचाच.

समजुतीसाठी आकडे धरू. ९ मीटर बसचा दर ५४ रुपये. केंद्राचे २२ गेले, उरले ३२. तिकिटातून १८ आले. तूट १४ रुपये. ५० बस, रोज २०० किमी, ३६५ दिवस: वर्षाला ५ कोटी ११ लाख. शिवाय हमी किलोमीटरपेक्षा बस कमी धावली तरी ठरलेले पैसे द्यावेच लागतात. रस्ता खोदलेला म्हणून बस उभी, हे कारण ठेकेदार का ऐकेल?

त्यामुळे बसचा प्रस्ताव तयार करताना तीन वर्षांच्या तुटीची तरतूद कुठून, हे लिहा. पार्किंग शुल्क आणि जाहिरात हक्क यांचं स्वतंत्र खातं करून ते बससाठी बांधून ठेवणं हा त्यातल्या त्यात प्रामाणिक मार्ग.

चौकातला_दिवा

म्हणजे ४० कामांच्या यादीऐवजी काय पाठवावं?

हद्दीपलीकडे

एक काम, पण तुकडे असे पाडलेले की प्रत्येक तुकडा एकटाही उपयोगी पडेल. १,४०० मीटरच्या रस्त्याचा पहिला टप्पा ४२० मीटरवर संपवू नका, तिथे चौक नसेल तर तो टप्पा म्हणजे गाड्या धुवायची जागा. जिथे वाहन दुसऱ्या रस्त्याला लागू शकेल तिथे टप्पा संपला पाहिजे. रस्तारेषा यांच्या तक्त्यातली ४२० ते ६१० ही अडचण सोडवल्याशिवाय पहिला टप्पा कुठवर नेता येतो ते बघा, तेवढंच आत्ता मागा.

स्टेशनचंही तेच. ठाणे पश्चिमेला स्टेशनबाहेर सॅटीस हा उंचावरचा डेक झाला, वर बस आणि खाली रिक्षा. ते बघून प्रत्येक शहराला डेक हवा असतो. निम्म्या ठिकाणी रिक्षाची रांग एका बाजूला, बसथांबे स्टेशनच्या तोंडाशी आणि फेरीवाल्यांना आखलेली जागा एवढ्याने काम भागतं, आणि ते पालिकेच्या पैशात होतं. आधी सहा महिने बॅरिकेड टाकून करून पाहा. त्याची आधीची-नंतरची मोजणी ही पुढच्या मोठ्या मागणीची सर्वांत भक्कम पुरवणी.

ठरावाची_प्रत

हस्तांतराबद्दल राहिलंच. प्राधिकरणाने बांधलेलं काम ताब्यात घेताना संयुक्त पाहणीची दोषयादी दोन्ही बाजूंच्या सहीने करा: तुटलेले कर्ब, न लागलेले दिवे, बुजलेली चेंबरं, प्रत्येकाला चेनेज. दोषदायित्वाचा काळ (ज्यात दोष ठेकेदाराने दुरुस्त करायचे असतात) काम पूर्ण झाल्याच्या तारखेपासून मोजतात. हस्तांतर दोन वर्षं लांबलं तर तो काळ कागदावरच संपतो आणि पहिला खड्डा पालिकेच्या खर्चाने बुजतो. नकाशे, चाचणी अहवाल आणि दिव्यांची वीजजोडणी पालिकेच्या नावावर झाल्याशिवाय ताब्याच्या पत्रावर सही करू नका. वीज मीटर हमखास ठेकेदाराच्या नावावर राहिलेला असतो.